भुलीची बंदूक, तिची दुर्बीण आणि वीस मीटर

बिबट्याचा विषय निघाला नाही असा आठवडा आपल्या हॉस्टेलवर जात नाही. रात्री मेसवरून परतताना उसाच्या कडेने एकट्याने जायचं नाही, टोळीने जायचं, मोबाईलचा टॉर्च लावायचा आणि मोठ्याने गाणी म्हणायची, हा नियम कुठल्याही नोटीस बोर्डावर नाही, तरी फर्स्ट इयरपासून सगळे पाळतात. (गाणी ऐकून बिबट्या पळतो की नाही हा वेगळा प्रश्न. आमच्या मजल्यावरची गाणी ऐकून तरी नक्कीच पळत असणार!)

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांचा मिळून जुन्नर वनविभाग होतो. कुकडी आणि घोड या नद्यांवर धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्याला घर मिळालं. बिबटे पकडून दुसरीकडे सोडायचे हा उपाय २००१ ते २००३ मध्ये मोठ्या प्रमाणावर करून झाला. त्याचा नंतर जो अभ्यास झाला त्यात दिसलं की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. म्हणजे हा प्रश्न साधा नाही.

पण मी लिहिणार आहे ते त्यातल्या एका छोट्या भागाबद्दल. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यांत दोन लहान मुलं. ४ नोव्हेंबरच्या रात्री तो बिबट्या मारला गेला. बातमीत होतं की आधी भुलीचा डार्ट मारला होता, तो लागला नाही, बिबट्या टीमच्या अंगावर आला आणि मग शार्पशूटरना गोळी चालवावी लागली. अंधार, चवताळलेलं जनावर आणि गावाचा संताप यांच्यामध्ये उभं राहून मारलेल्या डार्टवर हॉस्टेलच्या खोलीतून टीका करणं मला पटत नाही. पण मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे डोक्यात प्रश्न राहिला. वीस-तीस मीटरवर एवढं मोठं जनावर, वर बंदुकीला दुर्बीण, मग अवघड काय आहे?

उत्तराची सुरुवात एनएसएसच्या कॅम्पमध्ये झाली. तिथे एका वनरक्षक दादांनी आम्हाला रिकामी बंदूक हातात दिली आणि म्हणाले, "ताई, ही गोळी नाय मारत, ही सुई मारती. गोळीचा हिसाब हिला लावू नका." पुढचा सगळा लेख म्हणजे या एका वाक्याचं गणित आहे असं समजा. पुढे आम्ही तिघींनी मिनी प्रोजेक्टला अशा बंदुकीसाठी दुर्बिणीची पट्टी डिझाइन केली, म्हणून हे आकडे तोंडपाठ आहेत.

ही बंदूक कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालते. बाजूला दाब दाखवणारा गेज असतो आणि दाब कमी-जास्त करता येतो. नळीत जातो तो डार्ट म्हणजे उडणारी सिरिंजच. पुढे सुई, मध्ये औषध, मागे सरळ उडावा म्हणून शेपटीचा झुपका. तो मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूतच बसायला हवा. पोटात, बरगडीत किंवा डोक्याला लागला तर उपयोग नाही, उलट इजा. म्हणजे बिबट्या दोन मीटर लांब असला तरी आपलं टार्गेट जेमतेम वीतभर. आणि सिनेमात दाखवतात तसं जनावर डार्ट लागताच धाडकन पडत नाही, औषध चढायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात ते उसात शिरतं.

आता गणित. समजा डार्टचा वेग सेकंदाला ६० मीटर आहे. २० मीटर जायला त्याला एक तृतीयांश सेकंद लागतो. हवेचा विरोध सोडून दिला तरी तेवढ्या वेळात तो ५४ सेंटिमीटर खाली येतो. अर्धा मीटर! पॉइंट टू टू रायफलची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर जाते, ती पूर्ण ५० मीटर गेल्यावरही ११ सेंटिमीटरच खाली येते. हाच दादांचा "हिसाब". (याच ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं. त्या स्पर्धेत भिंगांची दुर्बीणही चालत नाही आणि बंदुकीला पायही लावता येत नाहीत. तेव्हा दुर्बिणीशिवाय नेम नाही असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगावं.)

दुर्बिणीतून दिसणारी रेषा सरळ असते आणि डार्टची वाट वाकडी. दोन्ही एका ठिकाणी भेटवायच्या, यालाच झिरो करणं म्हणतात. दुर्बीण नळीच्या ४ सेंटिमीटर वर बसते असं धरलं, तर २० मीटरला भेट व्हायला नळीचं तोंड नजरेच्या रेषेपेक्षा १.६७ अंश वर हवं. अंशाचे ६० मिनिट, म्हणजे हे १०० मिनिट झाले. इथेच पहिली अडचण येते. नेहमीच्या रायफलच्या दुर्बिणीची वरची घुंडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली तरी साधारण ६० ते ८० मिनिटच मिळतात आणि मधून मोजलं तर त्याच्या निम्मे. महागडी दुर्बीण सपाट पट्टीवर बसवून घुंडी कितीही फिरवा, डार्ट खालीच पडणार.

म्हणून पट्टीच उतरती हवी, मागून उंच, पुढे खाली. आम्ही पट्टीला सव्वा अंश उतार दिला आणि उरलेले २५ मिनिट घुंडीवर सोडले. दोन रिंगांमध्ये ८० मिलिमीटर अंतर असेल तर सव्वा अंशाला मागची बाजू पावणेदोन मिलिमीटर उंच लागते. बाजारात काही जण नुसत्या मागच्या रिंगेखाली पत्र्याची चकती सरकवतात. ते करू नये. दोन रिंगा एका रेषेत राहत नाहीत, दुर्बिणीची नळी वाकते आणि मग घुंडी फिरवली की क्रॉस भलतीकडेच जातो. उतार अख्ख्या पट्टीलाच द्यायचा, फिटिंग शॉपमध्ये ते अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दुर्बीण बसवताना रिंगांचे स्क्रू आधी सैल ठेवायचे. बंदूक खांद्याला लावून, मान न ताणता, पूर्ण गोल चित्र दिसेल इतकी दुर्बीण पुढे-मागे सरकवायची. मग ती फिरवून क्रॉस सरळ करायचा. याला उत्तम साधन म्हणजे आपल्या गवंड्याचा ओळंबा. २० मीटरवर ओळंबा टांगायचा, बंदुकीवर लेव्हल ठेवून ती सपाट करायची आणि क्रॉसची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर आणायची. स्क्रू आवळायचे ते कारच्या चाकासारखे समोरासमोर, थोडे थोडे. जोर लावून नाही.

क्रॉसबद्दल एवढं का? कारण नळी १.६७ अंश वर धरलेली आहे. बंदूक ५ अंश जरी बाजूला कलली, तरी २० मीटरवर डार्ट ५ सेंटिमीटर बाजूला जातो. आणि ५ अंश अंधारात डोळ्याला कळतही नाहीत.

सिव्हिलवाल्यांना पॅरॅलॅक्स सांगायला नको, थिओडोलाइटचं पहिलं प्रॅक्टिकलच ते. रायफलच्या बऱ्याच दुर्बिणी ९० मीटरच्या आसपास पॅरॅलॅक्स काढून येतात. अशा ४० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीतून २० मीटरवर पाहिलं तर डोळा हलल्यामुळे जास्तीत जास्त दीड सेंटिमीटरची चूक होते. पुढे-मागे फोकस होणारी एअरगनची दुर्बीण घेतली की तीही जाते. पण माझं मत विचाराल तर आधी बाकीचं नीट करा, दीड सेंटिमीटरने बिबट्या सुटत नाही. जास्त मोठं दिसणाऱ्या दुर्बिणीचाही मोह नको. ४ पट दुर्बिणीत २० मीटरवर साधारण दोन मीटर रुंदीचं चित्र दिसतं, म्हणजे शेपटीसकट बिबट्या कसाबसा मावतो. ९ पट लावली की नुसते ठिपके दिसतील आणि मांडी कुठली, खांदा कुठला हे शोधण्यात जनावर निघून जाईल.

आता खरी गंमत. २० मीटरला झिरो केलेली बंदूक, तोच ६० मीटरचा वेग, आणि बिबट्या २५ मीटरवर असला तर डार्ट १६ सेंटिमीटर खाली. ३० मीटरवर असला तर ३९ सेंटिमीटर खाली, म्हणजे पायाखालच्या ढेकळात. उलट १५ मीटरवर असला तर ९ सेंटिमीटर वर. घुंडीची एक टिक पाव मिनिटाची, २० मीटरवर दीड मिलिमीटरहून थोडी कमी. १५ मीटरवरच्या नऊ सेंटिमीटरला ऐंशीहून जास्त टिक मोजायच्या, त्याही अंधारात, समोर तो गुरगुरत असताना? शक्यच नाही.

मग घुंडीला हात लावायचाच नाही. एकदा झिरो झाला की टोपण घालायचं आणि अंतराप्रमाणे दाब बदलायचा! १० मीटरला ४४, १५ मीटरला ५३, २० ला ६०, २५ ला ६७ आणि ३० ला ७३ मीटर वेग मिळेल एवढा दाब ठेवला, तर प्रत्येक वेळी डार्ट क्रॉसच्या मध्यावरच येतो. दुसरा फायदा त्याहून मोठा. डार्ट १० ग्रॅमचा धरला तर ६० च्या वेगाला १८ ज्यूल ऊर्जा असते आणि ४४ च्या वेगाला दहाच्याही आत. जवळच्या जनावराला लांबच्या दाबाने मारलं तर सुई स्नायूच्या पार जाते, हाडही मोडू शकतं. म्हणजे जो दाब नेमाला बरोबर, तोच बिबट्याच्या तब्येतीलाही बरोबर. हे समीकरण कागदावर सुटलं तेव्हा आम्ही तिघी मेसमध्ये ओरडलो होतो, वाढणाऱ्या मावशींना वाटलं गुलाबजाम जाहीर झाले.

अर्थात हे आकडे हवेचा विरोध सोडून काढलेत. खरा डार्ट झुपक्यामुळे मंदावतो, म्हणून दाबाचा तक्ता प्रत्यक्ष मारूनच बनवायचा. एका सरावाला आम्हाला टेप धरायला आणि आकडे लिहायला बोलावलं होतं. उसाच्या पाचटाचे गठ्ठे बांधून उभे केले होते, त्याने डार्ट खराब होत नाहीत. डार्टमध्ये औषधाऐवजी तेवढंच पाणी. हे महत्त्वाचं, कारण रिकामा डार्ट हलका असतो आणि वेगळा उडतो. प्रत्येक अंतराला तीन डार्ट, तिन्हींचा मध्य धरायचा, एकाच डार्टवर विश्वास ठेवायचा नाही. दाब, अंतर आणि डार्टचं माप, तिन्ही लिहायचं. यातलं एक बदललं की तक्ता नवा. सगळ्यात आधी अंतर मोजणारं लेझरचं यंत्र घ्यावं, दुर्बीण नंतर, हे माझं ठाम मत तिथेच झालं.

खोडदच्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांनाही हे चुकलेलं नाही बरं का. आकाशातल्या एखाद्या ठाऊक असलेल्या तेजस्वी रेडिओ स्रोताकडे बघून त्यांचा रोख किती चुकतोय ते काढतात आणि तेवढं दुरुस्त करतात. पाचटाचा गठ्ठा तेवढा तिथे लागत नाही.

राहिला दोन पायांचा स्टँड, म्हणजे बायपॉड. तो बंदुकीच्या लाकडाला किंवा बॉडीला लावायचा, नळीला नाही. नळीवर वजन आलं की ती कणभर वाकते आणि झिरो बदलतो. जीपच्या पत्र्यावर पाय ठेवले तर ते उडतात, खाली घोंगडी किंवा वाळूची पिशवी घ्यावी. झिरो करताना बायपॉड वापरला आणि जागेवर हातावर धरून मारलं असंही करू नये, दोन्हीकडे आधार एकच असावा. डार्ट इतका सावकाश जातो की अर्ध्या मीटरच्या नळीतून बाहेर पडायलाच त्याला साधारण १७ मिलिसेकंद लागतात, रायफलच्या गोळीला तीन-चार. म्हणून चाप ओढल्यावरही क्षणभर बंदूक तशीच धरून ठेवायची. उभ्या उसाच्या बांधावर मात्र बायपॉडचे बुटके पाय काही कामाचे नाहीत, तिथे छातीएवढी बांबूची दुबेळकी काठीच बरी, असं दादांचं म्हणणं आणि ते मला पटलं.

आणि हो, बहुतेक बिबटे पिंजऱ्यातच सापडतात. तिथे दोन मीटरवरून फुंकणीने डार्ट मारतात, दुर्बीण लागतच नाही. माणिकडोहच्या निवारा केंद्रातले बरेच बिबटे असेच पिंजऱ्यातून तिथे आले. मोकळ्या रानात भूल द्यायची वेळ क्वचित येते. कायद्यानेही माणसाला धोकादायक झालेला बिबट्या पकडता येत नाही, भूल देता येत नाही असं झालं तरच त्याला मारायची परवानगी मिळते. त्या क्वचितच्या वेळेसाठी बंदूक वर्षभर पेटीत तयार ठेवावी लागते. आम्ही दाबाचा तक्ता मोठ्या अक्षरात छापून, लॅमिनेट करून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. खाली एक ओळ दादांनी स्वतः स्केचपेनने लिहिली: पेटी गाडीत हादरत नेली असेल तर आधी पाण्याचे तीन डार्ट मारून बघणे.