०-२५ आणि ३-१६ : ही बरोबरी कशी?

प्रश्न : माझी मुलगी आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात नर्स आहे. तिच्याकडे गेलो असताना शेजारच्या आजोबांनी हर्लिंगच्या २०१३ सालच्या अंतिम सामन्याचे रेकॉर्डिंग लावले. शेवटी फलकावर आकडे होते : क्लेअर ०-२५, कॉर्क ३-१६. कॉर्कचे तीन आणि समोरच्यांचा भोपळा, म्हणून मी जोरात टाळ्या वाजवल्या. आजोबांचा चेहरा उतरला. मुलगी म्हणाली, "बाबा, बरोबरी झालीय." हा काय हिशेब? आणि बरोबरीत एवढे वाईट वाटण्यासारखे काय होते?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : हिशेब दोन मिनिटांचा आहे, आजोबांच्या दुःखाला मात्र वेळ लागेल. आधी हिशेब उरकू.

हर्लिंगचा गोल इंग्रजी 'एच' अक्षरासारखा असतो. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून, पण दोन खांबांच्या मधून गेला की एक गुण. पहिला आकडा गोलांचा, दुसरा सुट्या गुणांचा. कॉर्कचे तीन गोल म्हणजे नऊ, अधिक सोळा, पंचवीस. क्लेअरचा गोल एकही नाही, सुटे पंचवीस.

मग सरळ २५-२५ का लिहीत नाहीत? कारण हे दोन आकडे मुळात एका मापाचे नव्हतेच. १८८४ साली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली, १८८७ पासून काउंटी संघांची अखिल आयर्लंड स्पर्धा सुरू झाली. सुरुवातीच्या नियमांत एका गोलापुढे कितीही सुटे गुण फिके पडत. १८९२ मध्ये गोलाची किंमत पाच गुण ठरली, १८९६ मध्ये तीनवर आली. म्हणजे तुमच्या टाळ्या अगदीच चुकीच्या नव्हत्या. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नियमाने त्या दिवशी कॉर्कच जिंकले असते!

या खेळाला हॉकीचा भाऊ म्हणणारे भेटतात, विटी-दांडूचा म्हणणारेही. मला दोन्ही पटत नाही. हॉकीत चेंडू जमिनीवर राहतो, इथे तो बहुतेक वेळ हवेत असतो. पंधरा-पंधरा खेळाडू, सत्तर मिनिटे. हातात अ‍ॅश लाकडाची, टोकाला पसरट काठी, ती 'हर्ली'. चेंडू 'स्लिटर', कातडी, उठावदार शिवणीचा, आकाराने साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढा पण वजनाला हलका. तो हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त चालता येत नाही, म्हणून पट्टीचा खेळाडू काठीच्या टोकावर चेंडू तोलत भरधाव पळतो. लहानपणी आपण लिंबू-चमचा खेळलो, तसेच. फक्त इथे आजूबाजूला चौघे जण काठ्या परजून असतात. हेल्मेटची सक्ती झाली ती २०१० मध्ये.

आता तो २०१३ चा मोसम. त्याआधीच्या सात वर्षांत सहा विजेतेपदे किलकेनीने नेली होती. या वर्षी त्यांना आधी डब्लिनने हरवले, मग उपउपांत्य फेरीत कॉर्कने. डब्लिनने लेन्स्टर प्रांताचा चषक १९६१ नंतर प्रथमच जिंकला, लिमरिकने मन्स्टरचा १९९६ नंतर प्रथमच. क्लेअर तर मन्स्टरच्या उपांत्य सामन्यात कॉर्ककडूनच हरले होते आणि हरलेल्यांसाठी ठेवलेल्या मागच्या दाराने परत आले होते. कॉर्कच्या खात्यात तोवर तीस विजेतेपदे, क्लेअरच्या खात्यात तीन : १९१४, १९९५ आणि १९९७.

८ सप्टेंबरला डब्लिनच्या क्रोक पार्कवर गाठ पडली. जवळजवळ सबंध सामना क्लेअर पुढे, पण ते एकेक गुण वेचत होते आणि कॉर्क मधूनच गोल ठोकून अंतर मिटवत होते. त्यांतला एक गोल तर गोलरक्षक अँथनी नॅशचा. फ्री, म्हणजे मोकळा फटका, मिळाली की हा गोलरक्षक मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावत यायचा, चेंडू काठीने उचलून पुढे दूर फेकायचा, त्याच्यामागे झेपावत जाऊन कितीतरी जवळून तडाखा द्यायचा. समोर गोलरेषेवर प्रतिस्पर्ध्यांची भिंत उभी असे. हे इतके भयंकर दिसे की पुढच्याच वर्षी नियम बदलावा लागला.

भरपाईच्या वेळेत पॅट्रिक हॉर्गनने कॉर्कला एका गुणाने पुढे नेले. आजोबांनी त्या क्षणी चषक पाहिला असणार. मग चेंडू क्लेअरच्या डोनाल ओ'डोनोव्हनकडे आला. हा कोपऱ्यातला बचावपटू, चॅम्पियनशिपमध्ये आयुष्यात एकही गुण न केलेला. याने काठी फिरवली आणि चेंडू दांडीवरून पार. शिटी. त्या काळी अंतिम सामना बरोबरीत सुटला की नवा दिवस ठरवून पुन्हा खेळवत.

तो दिवस २८ सप्टेंबरचा, शनिवार संध्याकाळ. मधले वीस दिवस खेळाडू आपापल्या नोकरीवर आणि कॉलेजात. या खेळात पगार नाही, क्रोक पार्क भरवणारा मुलगासुद्धा सोमवारी कामावर हजर असतो. क्लेअरचे प्रशिक्षक डेव्ही फिट्झगेराल्ड यांनी शेन ओ'डॉनेल या एकोणीस वर्षांच्या मुलाला तू सुरुवातीपासून खेळणार आहेस हे सांगितले, ते सामन्याला काही तास उरले असताना. पहिल्या वीस मिनिटांत त्याने तीन गोल केले. एकूण ३-३, म्हणजे एकट्याचे बारा गुण. आजोबांना जास्त झोंबले असेल ते हे, की हा मुलगा शिकत होता कॉर्कच्याच विद्यापीठात.

निकाल : क्लेअर ५-१६, कॉर्क ३-१६. कॉर्कचे आकडे अगदी पहिल्या सामन्यातलेच. क्लेअरने मात्र पहिल्या दिवशी एकही गोल केला नव्हता आणि दुसऱ्या दिवशी पाच केले. नुसती बेरीज छापली असती, ३१-२५, तर यातले काही कळले असते का?

म्हणून तुमची टाळी आजोबांच्या वर्मी लागली. रेकॉर्डिंग संपले तिथे त्यांचा पराभव संपत नाही, सुरू होतो. कॉर्कने शेवटचा चषक २००५ मध्ये जिंकला. त्यानंतर २००६, २०१३, २०२१, २०२४ आणि २०२५ असे अंतिम सामने त्यांनी गमावले. त्यांतल्या २०२४ च्या सामन्यात समोर पुन्हा क्लेअर, पुन्हा बरोबरी. आता नियम बदलला होता, त्याच दिवशी जादा खेळ झाला. फलक असा : क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. बेरीज तुम्हाला आता येते. आजोबांसमोर मात्र करू नका.