परवलीचा शब्द

मुलांनो, पासवर्डला मराठीत परवलीचा शब्द म्हणतात. रात्री पहाऱ्यावर आलेला माणूस आपला की परका, हे ज्या ठरलेल्या शब्दावरून ओळखायचे तो हा शब्द. (वर्तमानपत्रात तो ‘ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला शब्द’ या अर्थानेही भेटेल. तो अर्थ आज नको.)

ई-मेल खात्याचा परवलीचा शब्द स्पॅमवाल्याला कशाला हवा? तुमची पत्रे वाचण्यापेक्षा त्याला तुमचे नाव हवे असते. स्पॅम म्हणजे न मागता शेकडो लोकांना धाडलेली पत्रे. असे पहिले पत्र गॅरी थर्क या विक्रेत्याने ३ मे १९७८ रोजी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना पाठवले. आज अनोळखी पत्त्यावरून आलेली बरीचशी अशी पत्रे गाळली जातात. पण तुमच्या जुन्या, सरळ खात्यावरून निघालेले पत्र सहज पार होते. शिवाय आत पत्त्यांची वही असतेच. मग पुण्यातल्या आजोबांना बाबांच्या नावाने पत्र जाते, ‘प्रवासात पाकीट चोरीला गेले, ताबडतोब पैसे पाठवा.’ पत्ता खराच असतो, मग संशय कसा येणार? पूर्वी अशी पत्रे इंग्रजीत असत, आणि आजोबांना इंग्रजीत कोण लिहितो! आता यंत्र शुद्ध मराठीही लिहून देते. तेव्हा पैशांचे पत्र आले की आधी फोन करायचा, हे आजी-आजोबांना याच रविवारी सांगून ठेवा.

चोराला शब्द मिळतो कसा? कधी आपणच तो खोट्या पानावर लिहून देतो, कधी तो दुसरीकडून फुटतो. २०१३ साली याहूच्या सर्व, म्हणजे सुमारे ३०० कोटी खात्यांची माहिती चोरीस गेली. हा आकडा २०१७ मध्ये जाहीर झाला. एका ठिकाणी फुटलेला शब्द चोर यंत्राकरवी इतर अनेक ठिकाणी लावून पाहतात. म्हणून प्रत्येक खात्याला वेगळा शब्द हवा. ई-मेलला तर हवाच, कारण इतर खात्यांचा शब्द विसरलो की नवा ठरवण्याचे पत्र तिथेच येते.

आता थोडे गणित. इंग्रजीची २६ लहान अक्षरे घेतली तर ८ अक्षरी शब्द होतात २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८२ कोटी. आजच्या संगणकाला हे फार नाही. आणखी ४ अक्षरे जोडा, की हा आकडा ४,५६,९७६ पट होतो. तेव्हा छोट्या शब्दात चिन्हे कोंबण्यापेक्षा लांबी वाढवा. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत लिहा: उखळ, जिराफ, सोमवार, चिमटा. (हेच घेऊ नका, आता ते छापून आले!) म्हणी आणि आरत्याही नकोत. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून वही कपाटात ठेवा. परदेशातला स्पॅमवाला तुमचे कपाट उघडायला येत नाही.

पालकांनी खात्याला दुसरे कुलूपही लावावे, म्हणजे शब्दाबरोबर फोनवरचा आकडाही लागतो. तो आकडा कोणालाही सांगू नये. खाते चोरीस गेलेच तर नुसता शब्द बदलून भागत नाही. आलेली पत्रे परस्पर दुसरीकडे धाडण्याचा नियम चोराने लावून ठेवला आहे का, आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर बदलला आहे का, हेही पाहावे.

गृहपाठ: (१) परवलीचा शब्द फक्त ४ अंकांचा असेल तर किती वेगवेगळे शब्द होतील? (२) पैशांच्या पत्राविषयी आजीला मराठीत चार ओळी लिहा.