ताई, मी क्लास लावू का?

काल रात्री फोनवर तू विचारलंस, "ताई, एआयचा क्लास लावू का गं? सगळ्या पोरी लावतायत." मी "उद्या बोलू" म्हणून ठेवला खरा, पण मग मला झोप लागेना. सगळे पुढे निघून गेले आणि आपण इथे धुक्यातच राहिलो, असं काहीतरी तुझ्या आवाजात होतं. तुझ्या वयाची असताना माझ्याही आवाजात ते होतं, म्हणून नीट बसून लिहितेय.

तेव्हा एमएस-सीआयटी होती. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि बघता बघता त्यांचा हा कॉम्प्युटरचा कोर्स गावोगावी पोचला. मी एसटीने पसरणीचा घाट उतरून वाईला जायचे. माउस धरताना हात थरथरायचा, तो तिथे थांबला. ते उपकार मी विसरणार नाही. पण पहिल्या नोकरीत एक मराठी पत्र टाइप करून पाठवलं, ते समोरच्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं तेव्हा नुसती चिन्हं न् ठिपके. जुना फॉन्ट होता, त्यांच्याकडे तो नव्हता. त्या रात्री जागून मी युनिकोड म्हणजे काय ते शोधलं, इन्स्क्रिप्टचा तक्ता वहीत काढला आणि आठवडाभर बोटं बडवली. आज मी त्याच जोरावर मराठी टाइप करते. पाया कोर्सने घातला, पण माझ्यात बळ आलं ते अडल्यावर.

म्हणून क्लास लावायच्या आधी आपल्याला काय येतं ते बघ. युरोपीय आयोगाने 2013 मध्ये यासाठी एक चौकट बनवली, डिजकॉम्प नावाची. माहिती शोधणं-पारखणं, इतरांशी संपर्क ठेवणं, स्वतः काही तयार करणं, सुरक्षित राहणं आणि अडचण सोडवणं, असे पाच भाग. 2022 च्या आवृत्तीत त्यात एआयची उदाहरणंही आली. ती चौकट मला आवडते, कारण कुठलं बटण कुठे आहे हे ती विचारत नाही. तुला एकटीला जमतं की कुणी शेजारी बसावं लागतं, हे विचारते.

तोच प्रश्न आपल्या घराला लाव. आपल्या होमस्टेचं गूगलवरचं खातं कुणाच्या नंबरवर आहे? मावसभावाच्या. दिवाळीत दर बदलायचे होते तर ओटीपी त्याच्या फोनवर गेला आणि तो ड्युटीवर. तीन दिवस आपण जुन्या दराने बुकिंग घेतलं. तू दिवसभर फोन वापरतेस, रील सुंदर करतेस, पण घराच्या धंद्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जांच्या वेळीही हेच पाहिलं. हातात स्मार्टफोन असलेल्या बायका दुसऱ्याला पैसे देऊन फॉर्म भरून घेत होत्या. त्यांना येत नव्हतं असं नाही गं, चुकेल याची भीती होती. तुझीही ती भीती आधी घालवायची आहे.

आता एआयचं सांगते. यात मी स्वतः चुकलेय, आणि ते तुला पूर्ण सांगितलं नव्हतं.

होमस्टेची जाहिरात मी एआयकडून लिहून घेतली. मराठी इतकं गोड होतं की मी ती वरवर वाचली आणि तशीच टाकली. त्यात एक ओळ होती: जुलैच्या रिमझिम पावसात मळ्यातून स्वतःच्या हाताने ताजी स्ट्रॉबेरी तोडा. जुलैत! तुला मला काय सांगायचं? जुलै म्हणजे मातृरोपांचे रनर तयार करायचे दिवस. लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळ नोव्हेंबरच्या अखेरीपासून. पण मुंबईचं एक कुटुंब ते वाचून आलं. चार वर्षांची मुलगी, पिवळा रेनकोट आणि हातात वेताची छोटी टोपली. समोर धुकं, धो धो पाऊस आणि रिकामे वाफे. आईने तिला घरचा जॅम दिला, पण टोपली तिने शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. ती ओळ मशीनने लिहिली असली तरी पाठवली मी. स्ट्रॉबेरीच्या मळ्यात वाढलेली मी.

एआय असं का करतं, हे समजून घे. ते आपल्या मळ्यात येऊन बघत नाही. प्रचंड मजकुरावर शिकलेलं असतं आणि कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द शोभेल, यावर वाक्य जुळवतं. महाबळेश्वर म्हटलं की पाऊस, महाबळेश्वर म्हटलं की स्ट्रॉबेरी. दोन्ही एका ओळीत बसवून मोकळं. चुकतानाही ते अडखळत नाही, आणि धोका तिथेच आहे.

त्या दिवसापासून मी एक रीत पाडली. नवं एआय हाताशी आलं की आधी त्याला मला पक्कं येतं तेच विचारते. पंचगंगा मंदिरात कुठल्या नद्यांचा उगम मानतात? स्वीट चार्ली आणि विंटर डॉन या स्ट्रॉबेरीच्या जातींमध्ये फरक काय? गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर कधी अंथरायचा? ते कुठे बरोबर येतं, कुठे थापा मारतं, हे दहा प्रश्नांत कळतं. मग जे मला येत नाही तिथे किती विश्वास टाकायचा याचा अंदाज येतो. तुझ्याकडे हे ज्ञान भरपूर आहे. मातीत हात घालून शिकलीस, त्याला कमी लेखू नकोस. पुण्या-मुंबईच्या कितीतरी हुशार मुलींना ती जुलैची ओळ खटकलीच नसती.

पैशाचं मात्र कडक सांगते. आपल्याकडच्या एका काकूंना फोन आला, मोठं बुकिंग आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. त्यांनी टाकला, पैसे गेले. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे आईच्याही डोक्यात घट्ट बसव. असं काही झालंच तर रडत बसायचं नाही, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. आता आवाजाची नक्कलही करतात. माझ्या आवाजात कुणी पैसे मागितले तर फोन ठेवायचा आणि माझ्या नंबरवर उलटा लावायचा. आणि पाहुण्यांच्या आधारकार्डाचे फोटो एआयला वाचायला अजिबात देऊ नकोस. विश्वासाने दिलेली गोष्ट आहे ती. शेवटचे चारच आकडे दिसतात ते मास्क्ड आधार चालत असेल तिथे तेच माग.

क्लासला माझा विरोध नाही. पण "तीस दिवसांत एआय तज्ज्ञ" म्हणणाऱ्याला आपल्या कष्टाचे पैसे देऊ नकोस. दोन महिने घरचंच काम शिकण्यासाठी वापर. त्यातून नेमकं कुठे अडतं ते कळेल, मग त्याचाच क्लास लाव, फी मी भरते.

सुरुवात आईच्या वहीपासून कर. ती फडताळातली लाल पुठ्ठ्याची, तोडणीचा हिशेब लिहिते ती. किती किलो, काय भाव, मजुरी किती. एका हंगामाची पानं एक्सेलमध्ये चढव. आकडे तू मराठीत बोल, फोन लिहून घेईल. पण प्रत्येक ओळ वहीशी ताडून बघ. मग एआयला विचार, कुठल्या आठवड्यात भाव पडला, मजुरी कधी वाढली. उत्तर आलं की ते आईपुढे ठेव. ती म्हणेल, "त्या आठवड्यात गारा पडल्या होत्या गं," आणि ते तर कुठल्याच रकान्यात नसेल. त्यासाठी एक नवा रकाना कर.

खात्याचा नंबर मात्र आजच बदलून घे. मावसभावाला मी फोन केलाय, संध्याकाळी सहानंतर तो ओटीपी सांगेल. आणि वही वाचताना आईचा 5 आणि 6 सारखाच दिसतो, तिला विचारून घे.