वाचनालयाचा रस्ता मोजणारं करिअर

मुलाला भूगोलाची गोडी आहे, पण भूगोल घेऊन पुढे करणार काय, असं पालक काळजीने विचारतात तेव्हा मी त्यांना गावातल्या वाचनालयाचा रस्ता मोजायला सांगतो.

समजा, नगरपालिकेला वाचनालयाची नवी शाखा काढायची आहे. संगणकावर जुन्या वाचनालयाभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर रेल्वेपलीकडची वस्तीही त्यात बसते. कागदावर सगळ्यांची सोय झाली. पण तिथल्या दहा वर्षांच्या मुलीला रूळ ओलांडून येता येत नाही. पुलावरून वळसा घालून यायचं, तर तेच अंतर अडीच किलोमीटर होतं, तेही शाळा सुटल्यावर, पाठीवर दप्तर घेऊन. म्हणून वर्तुळ पुसायचं आणि रस्ते, पायवाटा, पूल धरून अंतर काढायचं. त्यावर जनगणनेतली लोकसंख्या, शाळा, एसटीचे थांबे असे एकेक थर चढवले की नवी शाखा कुठे हवी ते दिसू लागतं. हे काम जीआयएसचं, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीचं. ग्रंथपाल रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याचं. हा वेळ वाचनालयाच्या दारापासून नव्हे, वाचकाच्या उंबऱ्यापासून मोजावा, असं मला मनापासून वाटतं.

शिकायला मोठा खर्च नाही. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरचे रस्तेही. सुरुवातीला एक चूक हमखास होते, ती होऊ द्यावी. अंतराच्या रकान्यात एक किलोमीटर समजून ‘1’ लिहिला जातो आणि साताऱ्यातल्या वाचनालयाचं वर्तुळ पुण्यालाही पोटात घेतं! नकाशा अंशांत असतो आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. आधी तो मीटरमध्ये आणायचा. त्यासाठी यूटीएम ही मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत वापरतात; साताऱ्याला तिचा विभाग 43 लागतो, नागपूरला 44. असं का, हे ज्याला समजावून सांगता येतं, त्याचा पाया पक्का झाला.

पालकांनो, ‘वाचनालयांचा नकाशातज्ज्ञ हवा’ अशी जाहिरात येणार नाही, असंच धरून चाला. पण नगररचना, पाणीपुरवठा, वाहतूक, आरोग्य या सगळ्यांना हेच कौशल्य लागतं. भूगोलाच्या पदवीनंतर जीआयएसचा अभ्यासक्रम करता येतो. ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्यानेही हे हत्यार जवळ ठेवावं.

विद्यार्थ्यांनी नोकरीआधी एक काम करावं. महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. आपल्या तालुक्यातली अशी वाचनालयं नकाशावर मांडा आणि मग वही घेऊन प्रत्येक ठिकाणी जा. दार किती वाजता उघडतं, आजोबांना चढवतील अशा पायऱ्या आहेत का, संध्याकाळी बाहेरच्या रस्त्यावर दिवा असतो का, ते लिहून आणा. उपग्रहाच्या चित्रात यातलं काही सापडत नाही.