बियाण्याचे मडके



गुरुजी म्हणाले, "भित्तिपत्रकासाठी शेतीतली एक माहिती लिहून आणा." मी शाळूच्या बियाण्याची माहिती लिहीत आहे. ती मला माझ्या आबांनी दिली. आबा म्हणजे माझे आजोबा. ते २०२४ च्या श्रावणात वारले.

आमचे गाव मंगळवेढ्याच्या बाजूला आहे. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. इथली जमीन काळी व खोल आहे. ती पावसाळ्याची ओल धरून ठेवते. म्हणून हिवाळ्यात पाऊस नसला तरी शाळू येतो. आमच्याकडे मालदांडी पेरतात. मालदांडी हे सरळ वाण आहे. सरळ वाणाचे बी घरी राखता येते. हायब्रीडचे बी मात्र दरवर्षी नवे आणावे लागते.

आबा बी कसे राखत ते सांगते. कापणीच्या आधी ते उभ्या पिकात हिंडत. बांधाकडची कणसे घेत नसत. रानाच्या मधली, भरदार, टपोऱ्या दाण्याची, कीड नसलेली कणसे निवडत आणि ताटाला चिंधी बांधत. चिंध्या फाडून देण्याचे काम माझे होते. ती कणसे वेगळी कापायची, वेगळी बडवायची. दाणे उन्हात चांगले वाळवायचे. दाताखाली कट्‌ आवाज आला म्हणजे वाळले. मग मडक्यात राख व कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून दाणे भरायचे आणि तोंड शेणमातीने लिंपायचे. पावसाळ्यात उघडीप पडली की मडके उघडून दाण्यांना ऊन दाखवायचे.

एकदा मी विचारले, "आबा, दुकानात पिशवी मिळते, मग एवढा खटाटोप कशाला?" तेव्हा त्यांनी १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगितली. तेव्हा आबा तरुण होते. ते खडी फोडायला जात. घरात ज्वारी नव्हती. लोक परदेशातून आलेली लाल मिलो खात. पण आबांच्या आईने बियाण्याच्या मडक्याला कुणाला हात लावू दिला नाही. ती म्हणायची, "दाणा खाल्ला तर एक दिस सरतोय, पेरला तर वरीस सरतंय." पुढे पाऊस पडला आणि त्याच मडक्यातले बी त्यांनी पेरले.

आता माझी चूक सांगते. आषाढात आबा आजारी पडले. खाटेवरून ते मला म्हणाले, "पोरी, मडक्याला ऊन दाखव गं." मी हो म्हणाले आणि खेळायला गेले. त्यांनी परत एकदा आठवण केली. तेव्हाही मी विसरले. नंतर आबा काही बोलायचेच नाहीत. श्रावणात ते गेले. घरात सगळे रडत होते. मीपण रडले. पण मडक्याचे मी कुणाला सांगितले नाही.

भाद्रपदात बाबा म्हणाले, "यंदा बी दुकानातनंच आणू. मडक्याकडं कुणी बघितलं नाही." मग मला राहवले नाही. मी सगळे खरे सांगितले. बाबा रागावले नाहीत. आम्ही मडके उघडले. थोडे किडे झाले होते. बाबा म्हणाले, "तू आता चौथीत आहेस. उगवण मोजून बघ."

उगवण मोजायची रीत सोपी आहे. मडक्यातून न निवडता १०० दाणे घ्यावेत. ओल्या गोणपाटावर दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात. वर दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करावी व सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडावे. १०० पैकी ७५ किंवा जास्त दाणे उगवले तर ज्वारीचे बी पेरण्याजोगे असते.

चौथ्या दिवशी पांढरे कोंब दिसले. मी पळत जाऊन आबांच्या खाटेकडे बघितले. खाट रिकामी होती. सातव्या दिवशी मी दाणे दोनदा मोजले. ८२ उगवले होते, १८ उगवले नव्हते. आबा दरवर्षी मोजत तेव्हा नव्वदाच्या पुढे येत. कमी पडलेले दाणे माझ्या विसरण्याचे आहेत असे मला वाटते. आई म्हणाली, "उगवले ते आबांचे आहेत, ते बघ."

बाबांनी किडके दाणे पाखडून काढले. काणी पडू नये म्हणून बियाण्याला गंधक चोळले. एकरी चार किलो बी लागते, त्याहून थोडे जास्त धरले. हस्त नक्षत्रात आम्ही पेरणी केली. चाड्यावर पहिली मूठ बाबांनी मला धरायला लावली. दरवर्षी ती आबा धरत.

आता आमचा शाळू माझ्या डोक्याच्या वर गेला आहे. परवा बाबा आणि मी रानात गेलो. आबांसारखी कणसे निवडली. चिंध्या आबांच्या जुन्या धोतराच्या होत्या. आईने त्या जपून ठेवल्या होत्या. मी एकवीस ताटांना चिंधी बांधली.

आबांनी मला बी राखायला शिकवले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आता मडक्याला ऊन दाखवायचे काम माझे आहे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी आजोबा-आजी असतील तर त्यांनी सांगितलेले काम त्याच दिवशी करा. आणि त्यांना जे येते ते विचारून वहीत लिहून ठेवा.