दोन बटणांचें द्वंद्व

ज्या वस्तु शिक्षकानें वर्षभर मुलांच्या दप्तरांतून काढून घ्यावयाच्या, त्यांपैकींच एकीवर त्यानें वार्षिकांत लेख लिहावा, हें कांहीं पालकांस चमत्कारिक वाटेल. तथापि गेल्या दिवाळीच्या सुटींत जुनी ट्रंक आवरतांना 'निओ जिओ पॉकेट कलर' नांवाचें, तळहातावर मावणारें एक खेळयंत्र मला सांपडलें, आणि त्याबरोबर एक प्रश्नहि उभा राहिला. माझे मामा जहाजावर नोकरीस होते. त्यांनीं तें २००० सालीं आणून दिलें. त्यांतील 'एस्‌एन्‌के विरुद्ध कॅपकॉम : मॅच ऑफ द मिलेनियम' हा द्वंद्वयुद्धाचा खेळ मी व माझा धाकटा भाऊ दोन वर्षें खेळलों. यंत्र एकच, म्हणून जो हरेल त्यानें तें दुसऱ्याच्या हातीं द्यावें, असा घरचा नियम होता. पुढें शिक्षक झाल्यावर, असा खेळ पुन्हां झाला नाहीं, असें मी अनेकांस सांगत आलों. हें विधान खरें आहे, कीं त्या वेळीं मी एकोणीस वर्षांचा होतों म्हणून तें मला खरें वाटतें? आपल्या आवडीची अशी परीक्षा घेणें फारसें सुखाचें नसतें. पण विद्यार्थ्यांच्या वह्या तपासणाऱ्यानें स्वतःची वही टाळूं नये.

प्रथम यंत्राची हकीकत. एस्‌एन्‌के ही जपानांतील ओसाका शहरची कंपनी. तिनें ऑक्टोबर १९९८ मध्यें कृष्णधवल पडद्याचें यंत्र काढलें, आणि अवघ्या पांच महिन्यांनीं, मार्च १९९९ मध्यें, त्याची रंगीत आवृत्ति बाजारांत आणली. पहिलें विकत घेणाऱ्यांस काय वाटलें असेल तें सांगावयास नको. बाजार मात्र १९८९ पासून निन्टेन्डोच्या गेमबॉयनें व्यापला होता. २००० सालीं एस्‌एन्‌केची मालकी दुसऱ्या कंपनीकडे गेली, त्याच वर्षीं तिचा अमेरिकेंतील कारभार बंद पडला, आणि २००१ मध्यें तिचें दिवाळें निघालें. मामांनीं यंत्र आणलें तेव्हांच तें मरणपंथास लागलें होतें. आम्हां भावांस त्याची वार्ताहि नव्हती.

आतां खेळाकडे वळूं. कॅपकॉमच्या १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मध्यें तीन ठोशांचीं व तीन लाथांचीं, अशीं सहा बटणें होतीं. या खिशांतील यंत्रावर हल्ल्यासाठीं दोनच. तेव्हां कारागिरांनीं अशी युक्ति केली कीं, एक बटण ठोशाचें, दुसरें लाथेचें. झटकन् दाबून सोडलें तर हलका प्रहार, किंचित् दाबून धरलें तर जड प्रहार. ऐकावयास ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु तिचा परिणाम पाहा. बोट कोठें ठेवावें हा विचार संपतो, आणि किती वेळ ठेवावें हा विचार सुरू होतो. पेटी वाजविणाऱ्यास हें लवकर समजेल. डाव्या अंगठ्याखालीं एक लहानसा दांडा आहे. तो दिशा बदलतांना टक् टक् असा वाजतो. र्‍यू नांवाच्या योद्ध्यानें तेजाचा गोळा फेकावा अशी इच्छा असल्यास दांडा खालीं, मग तिरका, मग समोर नेऊन ठोशाचें बटण दाबावें लागतें. मोबाइलच्या गुळगुळीत कांचेवर अंगठा कोठें घसरला हें कळत नाहीं. येथें हात चुकला तर डोळ्यांआधीं कानास कळतें. पडदा म्हणाल तर आडवे १६० व उभे १५२ ठिपके, एवढाच. त्यांत योद्धे बसवावयाचे म्हणून त्यांचीं डोकीं मोठीं व हातपाय आंखूड केले आहेत, तरी कोण कोणत्या पवित्र्यांत उभा आहे याविषयीं क्षणभरहि संशय राहत नाहीं.

योद्धे एकंदर सव्वीस. निम्मे एस्‌एन्‌केचे, निम्मे कॅपकॉमचे. या दोन्ही कंपन्या ओसाकाच्याच, आणि त्यांचें वैर म्हणजे शुद्ध भाऊबंदकी. १९८७ चा पहिला 'स्ट्रीट फायटर' ज्यांच्या दिग्दर्शनाखालीं झाला ते ताकाशी निशियामा पुढें कॅपकॉम सोडून एस्‌एन्‌केकडे गेले आणि तेथें त्यांनीं १९९१ चा 'फेटल फ्युरी' घडविला. एस्‌एन्‌केच्या 'आर्ट ऑफ फायटिंग' मधील र्‍यो कॅपकॉमच्या र्‍यूसारखा दिसतो असें लोक म्हणूं लागले, तेव्हां कॅपकॉमनें डॅन नांवाचा, गुलाबी पोशाखाचा, हात दोन हात गेला कीं विझणारा गोळा फेकणारा एक फजीत योद्धा काढून त्याची टर उडविली. या खेळांत तो र्‍यो आणि हा डॅन समोरासमोर उभे करतां येतात. लहानपणीं हा विनोद आम्हांस कळला नव्हता. डॅन हा आमच्या घरीं केवळ हरण्यासाठीं निवडला जाई.

माझी एकट्याची साक्ष ग्राह्य धरणें योग्य नव्हे, म्हणून मुख्याध्यापकांच्या परवानगीनें शाळा सुटल्यावर मीं तें यंत्र दहावींतील दोन विद्यार्थ्यांच्या हातीं दिलें. प्रथम दोघेहि हंसले. मग एकानें प्रत्येक प्रहार जडच मारण्याचा सपाटा लावला व पुनःपुन्हां मार खाल्ला. दुसरा गप्प बसून पाहत होता, आणि त्याची पाळी आली तेव्हां तो हलके ठोसे देऊं लागला. अर्ध्या तासानें त्यांस घरीं जा असें मला दोनदां सांगावें लागलें.

परंतु माझें विधान सर्वस्वी टिकलें असेंहि नाहीं. पडद्यामागें दिवा नाहीं. खिडकीपाशीं बसून, मान वांकडी करून खेळावें लागतें, आणि हा त्रास मी साफ विसरलों होतों. संगीत माझ्या आठवणींत भरघोस होतें. प्रत्यक्षांत ती चिवचिव आहे. बाकीचें आम्हीं मनानें भरलें असलें पाहिजे.

यंत्र प्रथम सुरू केलें तेव्हां त्यांतील घड्याळाचा चपटा सेल संपल्याची तक्रार पडद्यावर आली, आणि जुनें सर्व पुसलें गेलें असें मला वाटलें. पण या कॅसेटींतील स्मृति वीज नसतांहि टिकणारी आहे. गीज हा गुप्त योद्धा माझ्या भावानें एका मे महिन्यांत चिकाटीनें मिळविला होता. तो यादींत तसाच उभा होता. मीं त्याच रात्रीं भावास फोन करून हें सांगितलें. तो थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "दादा, शेवटचा डाव तूं हरला होतास. यंत्र माझ्याकडे पाठवून दे."