कागद उघडेपर्यंत

१. आंतरराष्ट्रीय राजकारणातलं सर्वांत महत्त्वाचं बोलणं बहुधा त्या दिवशीच्या पेपरात नसतंच. डिसेंबर १९७१मध्ये, भारत-पाक युद्ध चालू असताना, अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालंय, हे साऱ्या जगाला कळलं. पण १० डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर चीनचे संयुक्त राष्ट्रांतले प्रतिनिधी ह्वांग ह्वा यांना भेटले आणि चीननं भारताविरुद्ध हालचाल केली तर अमेरिका पाठीशी राहील असं त्यांनी सुचवलं, हे कित्येक वर्षांनी, कागद खुले झाल्यावर उलगडलं. ते इतिवृत्त वाचताना अंगावर काटा आला होता. चीन हलला नाही म्हणून निभावलं. तेव्हापासून ताज्या घटनेवर लिहिताना न दिसलेल्या खोलीसाठी मी थोडी जागा मोकळी ठेवतो.

२. आपल्याच देशाची गोष्ट परक्यांच्या दप्तरात वाचावी लागते, याचं मला अजून वाईट वाटतं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपली कागदपत्रं खंडामागून खंड छापत असतं. आपल्याकडे १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, २५ वर्षांनंतर कागद खुले करण्याची सोयही आहे. तरी चीनविरुद्धच्या १९६२च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारनं प्रसिद्ध केलेला नाही. आज त्यातल्या कुठल्या गुपितामुळे सीमा धोक्यात येईल, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. आपण गप्प राहिलो की आपल्याबद्दल दुसरेच बोलतात, आणि पुढच्या पिढीला तेच खरं वाटतं.

३. परराष्ट्र धोरण फक्त दिल्लीतल्या परराष्ट्र खात्यात ठरत नाही, हे मला पुस्तकांपेक्षा कांद्यानं जास्त शिकवलं. सप्टेंबर २०१९च्या अखेरीस भारतानं कांद्याची निर्यात बंद केली. काही दिवसांतच बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि आपण आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितल्याचं त्यांनी भर सभेत हसत सांगितलं. आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, हे त्यामागचं खरं म्हणणं. इकडे लासलगावच्या बाजारात भाव पडला, तिकडे ढाक्यात चढला. दिल्ली-मुंबईच्या ग्राहकासाठी घेतलेल्या एका निर्णयानं नाशिकचा शेतकरी आणि शेजारचा मित्रदेश एकाच वेळी दुखावले. तरीही या शेतकऱ्याला परराष्ट्र धोरणाच्या चर्चेत कुणी बोलावत नाही.

४. भाकीत हे आम्हा आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासकांचं काम नव्हे. ९ नोव्हेंबर १९८९ला बर्लिनची भिंत उघडली, तेव्हा आमच्या विषयातले भलेभले चकित झाले होते. दाब कुठे साठतोय एवढं सांगता आलं तरी पुष्कळ.

५. वाचक माझ्याहून जवळून पाहणारा असू शकतो. १९६५च्या भारत-पाक युद्धानंतर १० जानेवारी १९६६ला झालेल्या ताश्कंद करारावर मी मराठीत लिहिलं. पंतप्रधान शास्त्रीजींबरोबर संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाणही तिथे होते, त्यामुळे आपल्याकडे या विषयाची ओढ जास्त. लेखावर सातारा जिल्ह्यातून, त्या युद्धात लढलेल्या एका माजी सैनिकाचं पत्र आलं. काश्मीरमधली हाजीपीर खिंड पाकिस्तानला परत का दिली हे तुम्ही समजावलंत, पण ती जिंकताना गेलेल्यांच्या सोबत्यांना ते कसं वाटलं, हे कुणी विचारलं का, असा त्यांचा सवाल होता. कराराची बाजू मला आजही पटते, पण त्यांचा सवालही तितकाच खरा आहे. त्याचं उत्तर कुठल्याच अभिलेखागारात नाही. ते माणसांकडे जाऊनच टिपून घ्यावं लागेल. आणि १९६५ला लढलेली ती माणसं आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत.